सहा किलोचा पाईप

आंबेगव्हाणच्या लिंबाजी फिटरनं चौतीस वर्षांत किती कोस पाईप जोडला असेल, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. पण या चौतीस वर्षांत "माझं चुकलं" असं तो किती वेळा म्हणाला, हे गावातल्या कुणालाही विचारा. न अडखळता सांगतील. एकदाही नाही.

एकदा मुंजाजीच्या विहिरीवरून त्यानं पाईपलाइन टाकली. मोटार चालू केली तर पाणी निघालं शेजारच्या हळदीत. लिंबाजीनं वाकून पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "पाणी चुकलं." आणखी एकदा परभणीहून सेलूला यायचं म्हणून गाडीत बसला आणि उलट्या दिशेनं जाऊन पूर्णेला उतरला. घरी आल्यावर "पूर्णेलाच काम होतं" म्हणाला, आणि काम दिसावं म्हणून तिथल्या बाजारातून एक खराटा विकत घेऊन आला. त्याची बायको धुरपताबाई हिनं तो खराटा चार वर्षं पुरवला. अंगण झाडताना ती रोज एकदा तरी शेजारणींना ऐकवायची, "पूर्णेचा हाय बाई. लय लांबून आणलाय. रेल्वेनं."

एवढा ताठा लिंबाजीला शोभायचा, कारण त्याचा जोड. पाईपाच्या टोकाला सोलुशन लावायचं, दुसऱ्या पाईपात ढकलायचं, पाव वळसा द्यायचा आणि दम धरून उभं राहायचं. हा दम लिंबाजी असा धरायचा की बघणाऱ्याला वाटावं, माणूस गेला. मग एकदम श्वास सोडून म्हणायचा, "आता जमीन निखळंल, जोड न्हाई निखळणार." आणि खरंच निखळत नसे. देवगाव फाट्यापासून आतल्या दहा-बारा गावांत कुणाच्या पाईपलाइनला गळती लागली, की पहिला प्रश्न हाच, "जोड कुणाचा?" लिंबाजीचा असला, तर लोक गळती दुसरीकडं शोधायचे.

अशा माणसानं तोफ करायला घेतली, त्याला कारण वानरं.

हरभरा घाट्यांवर आला की वानरांची टोळी यायची आणि बांधावर पंगत बसल्यासारखी बसायची. डबे वाजवून झाले, फटाके लावून झाले. बुजगावण्याच्या अंगातला सदरा एका वानरानं काढून नेला, तो मुंजाजीचा होता आणि बरा होता. मग मोबाइलवर कुणाला तरी पाईपाची तोफ दिसली. आत काय घालायचं नि कसं पेटवायचं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी विसरावं, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहू नये. गावातली पोरं-थोरं सेलूच्या बाजारातून अशी तोफ विकत आणायला निघाली, तेव्हा लिंबाजी चवताळला.

"पाईप म्हनजे माहा धंदा. माह्या गावात दुसऱ्याच्या हातचा पाईप वाजणार? थू!"

त्याच्या माळवदावर जुन्या पाईपलाइनचे तुकडे आठ वर्षं पडून होते. उन्हानं पांढरेफटक झालेले, हात लावला की खडूसारखी भुकटी बोटाला लागायची. ते खाली आले. आठ दिवसांत तोफ तयार झाली. नुसत्या आवाजाला वानरं चार दिवसांत सरावतात, म्हणून लिंबाजीनं तिच्या तोंडात बटाटा ठोकायची सोय केली. पाराजवळ सगळ्यांना जमवून तो म्हणाला, "ह्यो पाईप किती किलोचा? सहा किलोचा! छापलंय वर, वाचून घ्या. आन् बटाटा कितीचा? शंभर ग्रामचा! म्हनजे किती पट ताकद झाली?"

"साठपट!" मुंजाजी ओरडला. हिशेब बरोबर होता, तेवढंच काय ते बरोबर होतं.

गर्दीत दत्तोपंत गुरुजी उभे होते. शाळेतून रिटायर होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण विज्ञान शिकवायचं बंद झालं नव्हतं. शिवाय गावात दुसरं कुणी नसल्यानं लग्नं लावायचं कामही त्यांच्याकडंच. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा, हे धोक्याचं आहे. आधी मला सांगा, दाब म्हणजे काय? एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनं..."

गुरुजींचं वाक्य संपेस्तोवर पाराजवळ गुरुजी आणि एक कुत्रं उरलं होतं.

तोफ वाजली. वानरं अशी पळाली की आठ दिवस शेजारच्या गावानं आंबेगव्हाणला शिव्या घातल्या. लिंबाजी गावातून चालताना छाती पुढं काढून चालू लागला. पाच जणांनी तोफा मागितल्या, त्यानं त्याच माळवदावरच्या पाईपातून पाच तोफा करून दिल्या. जोड अर्थातच त्याच्या हातचे.

नवव्या दिवशी वानरं परतली. आवाज झाला की पळायची, पण जरा लांब जाऊन थांबायची आणि बटाटा कुठं पडतो ते पाहायची. मग एक म्हातारं वानर संथपणे जाऊन तो उचलायचं, पुसायचं आणि खायचं. पुढं पुढं तर तोफ दिसली की वानरं पळायच्याऐवजी मोक्याची जागा धरून बसू लागली.

"घरात कालवणाला बटाटा न्हाई," धुरपताबाई म्हणायची, "आन् वानरांना दोन टाइम. आता तेवढं मीठ लावून मारा."

"अगं, ती घाबरून खायलीत."

"व्हय, घाबरून ढेकर बी द्यायलीत."

दोनच महिन्यांपूर्वी लिंबाजीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या काळ्या चष्म्यासह तो तोफेशी खेळायचा, हे धुरपताबाईला बघवत नव्हतं. पण सांगून ऐकणारा नवरा तिच्या नशिबी नव्हता, म्हणून ती जाणूनबुजून ऐन वेळी हाका मारायची. तोफ रोखली की "पाणी तापलं", बार भरला की "कुणी तरी आलंय". लिंबाजी वैतागायचा. पण त्या हाकेनंच पुढं त्याचे डोळे राखले.

झालं असं. एका सकाळी नऊच्या सुमारास वानरं लिंबाच्या झाडावर येऊन बसली होती. लिंबाजीनं तोफ अंगणातल्या कट्ट्यावर टेकवली, बटाटा ठोकला आणि कळ दाबली. काही नाही. परत दाबली. काही नाही. झाडावरची वानरंही कंटाळली. तेवढ्यात चुलीपासून आवाज आला, "अवो, च्या घेता का ओतून देऊ?"

"आलो की!" म्हणून लिंबाजी पाठमोरा झाला, आणि मागं राहिलेल्या हातानं सवयीनं आणखी एकदा कळ दाबली.

तोफेचा आवाज गावाला ठाऊक होता. हा तो नव्हता. हा आवाज फुटल्याचा होता. बटाटा जागेवरच राहिला, गेला तो पाईप. लिंबाजीची टोपी उडून गोठ्यात पडली, हातावरचे केस जळाले, रांजणाला भोक पडलं. एक तुकडा दाराच्या बाभळीच्या चौकटीत असा घुसला, जसा खिळा ठोकावा. आणि बाकीचे घुसले ते पाठमोऱ्या लिंबाजीत, बसायच्या जागी.

धुरपताबाई चहाचं भांडं तसंच टाकून धावत आली. "डोळे! डोळे उघडा आधी! मी दिसायले का?"

"दिसायलीस," लिंबाजी दात आवळून म्हणाला. "डोळे न्हाई दुखायले. मागं बघ."

मुंजाजीनं मोटारसायकल काढली. तिच्यावर सरळ बसणं शक्य नव्हतं, म्हणून लिंबाजी एका अंगावर, नव्या नवरीसारखा, दोन्ही पाय एका बाजूला सोडून सेलूपर्यंत गेला. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं विचारलं, "काय लिंबाजी, माहेरी चाललास?" याला पुरून उरेल असं उत्तर लिंबाजीला एरवी सुचलं असतं. त्या दिवशी सुचलं नाही, यावरून दुखणं किती होतं ते समजावं.

डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला. "यात काहीच दिसत नाही," म्हणाले.

लिंबाजी पालथा पडला होता तिथून उठायला लागला. "मंग काहीच नसंल. चल रे मुंजाजी."

"झोपा! काही नाही असं नाही, दिसत नाही. हाड दिसतं, लोखंड दिसतं, गोळीचा छर्रा दिसतो. प्लास्टिक फोटोत दिसत नाही. आता मला हातानं शोधावं लागणार."

दीड तास शोध चालला. तीन तुकडे निघाले. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "एखादा राहिलाही असेल. कळेल हळूहळू. डोळ्यात गेला असता, तर तिथं असं शोधता येत नाही, हे ध्यानात ठेवा."

लिंबाजीनं ते तीन तुकडे कागदात बांधून घेतले. मुंजाजीला वाटलं, अद्दल म्हणून. खरं म्हणजे त्याला त्यात जोडाचा तुकडा आहे का ते पाहायचं होतं. नव्हता.

घरी आल्यावर तो अंगणात पालथा पडला आणि समोर फुटक्या तोफेचा उरलेला भाग ठेवून घेतला. दत्तोपंत समाचाराला आले, तर म्हणाला, "गुरुजी, बघा. जोड शाबूत हाय. दोन्हीकडून पाईप गेला, पन जोड? हालला बी न्हाई."

गुरुजींनी तो तुकडा हातात घेतला. व्याख्या ओठांवर आली होती, पण पाराजवळचं कुत्रं आठवून त्यांनी ती गिळली. "लिंबाजी, हा पाईप किती किलोचा?"

"सहा किलोचा."

"सहा किलो काय?"

"सहा किलो म्हनजे... सहा किलो."

"पाईपाचं वजन?"

"न्हाई, वजन कसं असंल?"

"मग बटाट्याचं?"

चौतीस वर्षं लिंबाजी सेलूच्या दुकानात "सहा किलोचा द्या" म्हणत आला होता, दुकानदार सहा किलोचा देत आला होता, शेतकरी सहा किलोचा म्हणून तो पुरत आले होते. किलो कशाचे, हे ना देणाऱ्यानं सांगितलं, ना घेणाऱ्यानं विचारलं. चार किलोचा पातळ, सहा किलोचा जाड, इथं विषय संपायचा.

"तुझ्या अंगठ्याचं नख बघ," गुरुजी म्हणाले. "एवढ्याशा जागेवर सहा किलोचं ओझं सोसेल, असा त्याचा अर्थ. तेही पाण्याचं. हळूहळू चढणारं. आणि पाईप नवा असताना. तुझा आठ वर्षं उन्हात भाजून पापड झालाय. आणि पाण्याचं वेगळं असतं, बाबा. पाण्याचा पाईप तडकला तर काय होतं?"

"गळतो."

"गळतो. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून त्याला सुटायची घाई नसते. वारा कोंडला की तो जागा मिळेल तिथून झेप घेतो, आणि जाताना पाईपाचे तुकडे बरोबर घेऊन जातो. तुझा जोड घट्ट होता ना? म्हणून तर फुटायला पाईपच उरला."

लिंबाजीनं बोटानं मातीवर पाच रेघा ओढल्या. मग हळूच म्हणाला, "बाकीच्या पाच बी त्याच माळवदावरच्या हायेत."

"म्हणूनच मी आलोय," गुरुजी म्हणाले.

म्हणजे पाच घरांत पाच तोफा होत्या आणि पाचही घरांत "लिंबाजीचा जोड हाय" म्हणून लोक बिनघोर कळ दाबत होते. कुणाचा तरी डोळा जायच्या आत त्या परत आणायला हव्या होत्या. आणि परत आणायचा सोपा उपाय दोन शब्दांचा होता. ते दोन शब्द लिंबाजीच्या तोंडात कधी बसलेच नव्हते.

त्यानं अवघड उपाय धरला. दुसऱ्या दिवशी लंगडत निघाला. मुंजाजीला म्हणाला, "दे इकडं, गॅरंटीत बदलून देतो." मुंजाजीनं त्याची अवस्था डोळ्यांनी पाहिली होती, त्यानं तोफ काठीनं ढकलत अंगणाबाहेर आणून दिली. दुसऱ्या घरी लिंबाजीनं सांगितलं, "सरकार वानरांची शिरगणती करायलंय. तोफ दिसली की घरवाल्याचं नाव लिहून घेतेत." तिसऱ्या घरी म्हणाला, "आत माही पक्कड राहिलीय." चौथी तोफ एका म्हातारीनं वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली होती. ती म्हणाली, "वेल मोडू नको, मंग खुशाल ने." तिथं खोटं बोलायला वावच मिळाला नाही, याचं लिंबाजीला जरा वाईट वाटलं, कारण चौथी थाप सगळ्यांत चांगली होती.

पाचवी तोफ माणिकराव पाटलांकडं होती. पाटलांची थोरली लेक राजनंदिनी हिचं दुसऱ्या दिवशी लग्न, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. लिंबाजी पोचला तेव्हा पाटील तोफेला सोनेरी रंगाचा दुसरा हात देत होते.

"ये लिंबाजी! बघ कशी दिसायलीय. अक्षता पडल्या की पाच बार काढायचे. नवरदेवाकडचे जिंतूरचे हायेत, लय ताठ लोक. कानठळ्या बसवायच्या त्यांच्या. पाच बटाटे निवडून हळद-कुंकू लावून ठिवलेत."

"पाटील, तोफेला बंदी आलीय."

"आणणारे उद्या माह्याच मांडवात जेवायला हायेत."

"ओल लागली असंल हिला. वाजायची न्हाई."

"म्हनून तर दोन रोज उन्हात ठिवली."

लिंबाजी एक पाऊल मागं सरला. "म्हनजे... अजून उन्हात?"

"कडक वाळवली. आन् तू कामून घाबरायलास? तुह्या हातचा जोड हाय, लेका! दुसऱ्या कुणाचा असता, तर माह्या लेकीशेजारी मांडली असती का मी? स्टेजवर, तिच्या अगदी उजव्या हाताला ठेवायची. मेव्हणा कळ दाबणार, फोटोवाला तयार."

लिंबाजीनं तोंड उघडलं. शब्द खोकला होऊन बाहेर पडला. पाटलांनी त्याला पाणी पाजलं आणि लग्नाला लवकर यायला सांगून वाटेला लावलं.

संध्याकाळी धुरपताबाई भाकरी थापताना म्हणाली, "खरं सांगून टाका ना त्याला. दोन शब्द हायेत."

"पन माहं चुकलं कुठं? जोड तर..."

"बसा त्या जोडाला घेऊन!"

"बसता येत असतं, तर बसलो नसतो का?"

धुरपताबाईनं परात बाजूला सारली, पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि दाराशी गेली. चौकटीतला तुकडा अजून तिथंच होता. मुंजाजीनं पकडीनं ओढून पाहिला होता, निघाला नव्हता. ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. तुकडा बरोबर तिच्या कुंकवाशेजारी आला.

"राजनंदिनी उंचीला माह्याएवढीच हाय," ती म्हणाली आणि पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली.

लिंबाजीनं त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. फेटे बांधून झाले, मानपान झाले, एका पाहुण्याचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून तो रुसला, त्याचं नाव दोनदा घेऊन तो हसवला गेला. स्टेजवर अंतरपाट धरायची तयारी चालली होती. नवरीच्या उजव्या हाताला टेबलावर ती सोनेरी तोफ, झेंडूची माळ घालून, कुणी सासरा बसावा तशी बसली होती. पाटलांचा मेव्हणा हाताची बोटं मोडत शेजारी उभा. दत्तोपंत माईक हातात घेऊन मंगलाष्टकांसाठी घसा साफ करत होते.

लिंबाजी एक पाय ओढत स्टेजवर चढला. "गुरुजी, माईक द्या."

"लिंबाजी, मुहूर्ताला सहा मिनिटं आहेत."

"दोन शब्द बोलायचेत."

दत्तोपंतांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता माईक देऊन टाकला.

"नमस्कार," लिंबाजी म्हणाला. माईकनं शिट्टी मारली. "पाव्हण्याराव्हण्यांना नमस्कार. तर ह्या तोफेविषयी. ऊन लय वाईट असतं. चालू सालचं ऊन तर लयच. पाईपाला सोसत न्हाई. म्हनजे चूक उन्हाची बी हाय. छापणाऱ्याची बी हाय, नुसतंच सहा किलो छापलं, कशाचं ते छापलं न्हाई..."

"आरं, उरक!" खालून कुणी तरी ओरडलं.

पाटलांना वाटलं, तोफेची जाहिरात चाललीय. खूश होऊन त्यांनी मेव्हण्याला खूण केली, की तयार राहा. मेव्हणा पुढं सरकला, कळीवर हात ठेवला आणि फोटोसाठी हसला. राजनंदिनीही फोटोसाठी तिकडं वळली. तिच्या कपाळावर कुंकवाचा मळवट होता.

"चुकलं!" लिंबाजी ओरडला. "हात काढ रे! माहं चुकलं! माहं चुकलं!"

चार कर्णे होते. चारही दिशांना गेलं. मांडवात एकदम इतकी शांतता झाली, की मागं आचाऱ्याच्या कढईतली भजी तडतडताना ऐकू आली. नवरदेवाकडच्यांना कळेना, एवढं काय झालं. पण गावकऱ्यांची तोंडं उघडीच राहिली.

"परत म्हना!" मुंजाजी गर्दीतून ओरडला. "माह्या घरच्यांनी ऐकलं न्हाई!"

"चुकलं म्हनतो ना! सहा किलोचं मला काही कळलं न्हवतं. पाईप सडलेला हाय. माही तोफ फुटली तशी ही बी फुटंल."

माणिकराव लाल झाले. "फुटली? मला मुंजाजी म्हनला, तू मोटारसायकलीवरून पडलास!"

"मी सांगितलं होतं त्याला तसं सांगायला."

"मंग आता कशावरून खरं बोलायलास? कुठं लागलं, दाखव!"

लिंबाजीनं खाली मांडवाकडं पाहिलं. पाचशे माणूस, त्यात निम्म्या बाया. त्यानं पाठ मागच्या पडद्याकडं केली आणि दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून धुरपताबाई उठली. पदर खोचून स्टेजवर आली, नवऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ते न्हाई दाखवणार. मी सांगते. ढुंगणात. तीन तुकडे निघाले, चौथ्याचा तपास चालू हाय."

मांडव फुटला. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या, बँडवाल्यानं उगाच ढोलावर एक टिपरी मारली, जिंतूरचे ताठ लोक एकमेकांच्या खांद्यावर पडले. नवरदेवाची मुंडावळी हसून हसून नाकाखाली आली.

धुरपताबाई मात्र हसली नाही. "तोंड फिरवलं म्हनून तिथं लागलं," ती म्हणाली. "फिरवलं नसतं, तर आज मी ह्यांचा हात धरून ह्यांना मांडवात आणलं असतं."

हसू हळूहळू बसलं. राजनंदिनीनं तोफेकडं पाहिलं, मग लिंबाजीकडं. "काका, मला लागलं असतं?"

"तूच सगळ्यांत जवळ हायेस, बाई."

तिनं मामाचा हात धरून त्याला टेबलापासून लांब केलं, हार सावरला आणि बापाला म्हणाली, "पप्पा, हे खाली न्या. न्हाईतर मी खाली जाते."

तोफ खाली गेली. दत्तोपंतांनी स्वतः नेली, दोन हातांवर, झोपलेलं लेकरू न्यावं तशी. मांडवामागच्या पाण्याच्या हौदात ती बुडवली आणि शेजारी मुंजाजीला पहारा दिला.

आता राग उरला होता तो माणिकरावांचा. इभ्रतीचा प्रश्न होता. "समद्यांना सांगून ठिवलंय मी, पाच बार निघणार म्हनून! पत्रिकेत छापलंय! आता पाव्हण्यांना काय वाजवून दाखवू? टाळ्या?" ते लिंबाजीच्या अंगावर धावून आले. "तुह्यामुळं झालं हे. आता तूच वाजव!"

"मी? कशानं?"

"तोंडानं! धर माईक!"

मुहूर्त गाठायचा होता, वाद घालायला वेळ नव्हता. अंतरपाट धरला गेला, दत्तोपंतांनी मंगलाष्टकं सुरू केली. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या, आणि लिंबाजीनं डोळे मिटून, मान खाली घालून माईकमध्ये म्हटलं, "धडाम."

"मोठ्यानं!" पाटील गरजले.

"धडाम!"

मांडवातून टाळ्या आल्या. लिंबाजीनं एक डोळा उघडला. तिसऱ्याला त्यानं छाती भरून घेतली, चौथ्याला हात वर केला, आणि पाचवा "धडाऽऽम" असा काढला, की मागच्या लिंबावरची चार वानरं हौदावरून उडी मारून पसार झाली. पाच बार ठरले होते. पण लोक टाळ्या वाजवत राहिले आणि लिंबाजी बार काढत राहिला. अकराव्याला माणिकरावांनी माईकची वायरच उपटली.

पंगतीत नवरदेवाचे मामा धुरपताबाईला शोधत आले. जिंतूरचेच, फेटा बांधलेले, गंभीर गृहस्थ. "बाई, पुढल्या महिन्यात आमच्याकडं बी कार्य हाय. ती तोंडाची तोफ भाड्यानं देता का? काय भाडं पडंल?"

धुरपताबाईनं जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि पलीकडं उभ्या उभ्या जेवणाऱ्या नवऱ्याकडं एकवार पाहिलं.

"भाडं नको," ती म्हणाली. "आठ रोज ठिवून घ्या, बस्स."